सुमनआत्याचं बेट

सुट्टीवरून परत आलं की सोमवारी ऑफिसच्या किचनमध्ये जर्मन सहकारी विचारतो, "कशी झाली सुट्टी?" त्याला "श्योन", म्हणजे छान, एवढा एक शब्द पुरतो. तो कप उचलतो आणि आपल्या कामाला लागतो. आपल्या माणसाचं तसं नसतं. आपला माणूस खुर्ची ओढून बसतो आणि म्हणतो, "हं, आता सांग." मग समुद्र, हवा, हॉटेल सगळं बाजूला राहतं. एक किस्सा सांगितला की त्याचं बोट धरून दुसरा येतो आणि चहा गार होतो.

यंदा आम्ही एका चिमुकल्या ग्रीक बेटावर गेलो होतो. बेटाचं नाव सांगणार नाही. सांगितलं तर पुढच्या वर्षी निम्मं स्टुटगार्ट तिथे उतरेल आणि आम्हालाच खोली मिळणार नाही. "बघण्यासारखं काय आहे तिथे?" असं सगळे विचारतात. एक किनारा आहे, एक गुहा आहे, टेकडीवर एक विहीर आहे. आणि सुमनआत्या होती. बाकी काही नसतं तरी चाललं असतं.

आमची टोळी म्हणजे दोन घरं. मी आणि माझा नवरा संजय. आणि मिलिंद, त्याची बायको पल्लवी, त्यांची सात वर्षांची अनया. सगळे विदर्भातले. ओळख झाली ती स्टुटगार्टमधल्या जयंतीच्या कार्यक्रमात. हॉलमध्ये शिरल्या शिरल्या एक माणूस आधी इमर्जन्सी एक्झिट कुठे आहेत ते बघून आला आणि मग आम्हाला "जय भीम" म्हणाला. तो मिलिंद. गाड्यांच्या ब्रेकमध्ये काय काय बिघडू शकतं याचा विचार करण्याचा त्याला पगार मिळतो, आणि तो घरीही ओव्हरटाइम करतो.

सुमनआत्या मिलिंदची सख्खी आत्या. दर्यापूरकडच्या गावची. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका होती, आता रिटायर. लग्न केलं नाही, मिलिंदला तिनेच वाढवलं. परक्यांशी बोलताना तिचं मराठी शाळेतल्या फळ्यावरचं असतं, आमच्याशी बोलताना थेट वऱ्हाडी. दर वर्षी थंडी ओसरली की ती तीन महिने मिलिंदकडे येते.

मिलिंदचे वडील, म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ, पूर्णेच्या पुरात गेले. काठापासून फार लांब नव्हते म्हणतात, पण पोहता येत नव्हतं. गावातली पोरं पोहायला शिकायची ती गोड्या पाण्याच्या विहिरीत, आणि ती विहीर आमच्या माणसांसाठी नव्हती. एवढंच सांगून पुढे जाते, कारण आत्याही एवढंच सांगते.

* * *

गोष्ट सुरू झाली ती मागच्या वर्षी, बोडनझे तलावाच्या काठावर. अनयाच्या पोहण्याच्या कपड्यावर एक नारिंगी कापडी बिल्ला शिवलेला होता, त्यावर समुद्रघोडा. जर्मनीत पोराने काठावरून उडी मारली, पोहण्याच्या तलावाची एक लांबी पोहून दाखवली आणि तळाची रिंग वर काढून आणली की हा बिल्ला मिळतो. त्याला झेपफेर्डशेन म्हणतात. आया तो कौतुकाने शिवून देतात आणि पोरं छाती काढून फिरतात.

आत्याने बिल्ल्यावरून बोट फिरवलं. "हे कोणाले भेटते?"

"ज्याला पोहता येतं त्याला," मी म्हटलं.

"वयाची अट?"

"आत्या, नाही," मिलिंद म्हणाला. तिने अजून काही मागितलंच नव्हतं.

यंदा ती आली आणि दुसऱ्याच दिवशी मला फोन. "वैशाली, तुहा मंगळवार मोकळा असते ना?" मिलिंदला सांगण्यात आलं की आत्या गुडघ्यांच्या व्यायामाच्या क्लासला जाते आणि वैशाली तिला सोडते. मिलिंद खूश. त्याने स्वतः दुकानात जाऊन तिच्यासाठी न घसरणाऱ्या रबरी चपला आणल्या. त्या चपला घालून आत्या दर मंगळवारी हालेनबाडमध्ये, म्हणजे इथल्या बंदिस्त पोहण्याच्या तलावावर, टपटप चालत जायची. पल्लवीला आम्ही पहिल्याच आठवड्यात सामील करून घेतलं, कारण ओला टॉवेल कुठेतरी वाळवावा लागतो.

पहिल्या दिवशी पोहायला शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, पाण्याची भीती वाटते का? मी आत्याला मराठीत सांगितलं.

आत्या म्हणाली, "तिले सांग, पाण्याची भीती कधीच नव्हती. पाण्यापाशी उभ्या असलेल्या माणसांची होती. ते माणसं आता गेले."

मी भाषांतर केलं, "नाइन." नाही.

सहासष्टाव्या वर्षी माणूस पोहायला शिकतो तेव्हा बघणाऱ्याचा जीव वर-खाली होतो. माझा व्हायचा. आत्याचं नाक-तोंड पाण्याने भरायचं, ती खोकायची, काठ धरायची आणि बाईंना म्हणायची, "नोख माल." पुन्हा एकदा. जर्मन तिला तेवढंच येतं, आणि खरं तर तेवढंच लागतं. मे महिन्यात तिने उडी मारली, लांबी पोहली, रिंग वर काढली आणि बाई हात पुढे करून उभ्या राहिल्या तरी रिंग दिली नाही. बिल्ला हातात पडल्यावर मगच सोडली.

घरी जाऊन तिने तो बिल्ला पोहण्याच्या लांब बाह्यांच्या ड्रेसवर, डाव्या खांद्यावर शिवला. मी विचारलं, "आता मिलिंदला सांगायचं?"

"सांगाचं नाही," आत्या म्हणाली. "दाखवाचं. त्या बेटावर समुद्र असन ना?"

* * *

बेटाला विमान जात नाही. मोठ्या बेटावर उतरून फेरी घ्यावी लागते. फेरीवर वरच्या डेकला आम्ही बसलो, तर शेजारच्या बाकावर एक मराठी जोडपं. जर्मनीतल्याच एश्बॉर्नचं, दोघंही आयटीत. मराठी ऐकून बाईंना भरून आलं. त्यांनी भाकरवडीचं पाकीट काढलं, आत्याच्या हातावर ठेवलं आणि हवापाण्याच्या गप्पा झाल्यावर विचारलं, "तुमचं आडनाव काय?"

"सुमन," आत्या म्हणाली.

"नाही, ते झालं नाव. आडनाव?"

"गाव दर्यापूरकडचं. मुख्याध्यापिका होते. आता रिटायर झाले."

"हो का, छान. पण आडनाव..."

आत्याने बोटांना लागलेला मसाला रुमालाला पुसला आणि अगदी शांतपणे विचारलं, "तुम्हाला कुठलं चाललं असतं?"

फेरीचं इंजिन एवढ्या मोठ्याने वाजतं हे तोपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. बाईंचे मिस्टर पुढे सरसावले. "अहो, तिने आपलं सहज विचारलं."

"मीही सहजच विचारलं," आत्या म्हणाली.

बेट आलं. उतरताना आत्या जिन्यावर थांबली, वळली, आणि शाळेत प्रार्थनेच्या वेळी मागच्या रांगेपर्यंत पोचायचा त्या आवाजात म्हणाली, "येतो आम्ही. जय भीम." भाकरवडीचं पाकीट मात्र तिच्या पिशवीतच होतं. मी तिकडे बघितलं तर म्हणाली, "भाकरवडीचा काय दोष?"

* * *

पहिली सकाळ. किनाऱ्यावर आडवं पडायच्या खाटा आहेत, छत्री लावलेल्या, आमच्या हॉटेलच्याच. आम्ही नाश्ता करून पोचलो तर एकाही खाटेवर माणूस नाही आणि प्रत्येक खाटेवर टॉवेल. जर्मन माणूस उजाडता उजाडता येतो, टॉवेल टाकतो आणि परत जाऊन झोपतो. त्याच्या मते ती खाट आता त्याची झाली. मिलिंदला हे पूर्ण मान्य आहे. तो म्हणाला, "आल्झो, तर मग आपण वाळूत बसू."

आत्याने एक टॉवेल उचलला, व्यवस्थित घडी केला, उशाशी ठेवला आणि खाटेवर बसली.

थोड्या वेळाने एक उंच जर्मन गृहस्थ आले. त्यांनी टॉवेलकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं, आणि सांगितलं की ही जागा रिझर्व्ह आहे.

"कोणासाठी, विचार," आत्या मला म्हणाली.

बायकोसाठी.

"कुठे आहे बायको?"

झोपली आहे.

"झोपली आहे ना? मग तिच्यापाशी पलंग आहेच की. सांग त्याले."

मी सांगितलं. अक्षरशः तसंच सांगितलं, शब्द गाळला नाही. मिलिंद मागे "एन्टशुल्डिगुंग, एन्टशुल्डिगुंग" असा माफीचा जप करत होता. गृहस्थ "गेनाऊ" म्हणाले, म्हणजे बरोबर आहे. ते गेले. तासाभराने त्यांची झोपलेली बायको स्वतः आली, नवऱ्याने काय ऐकलं ते कळल्यावर खो-खो हसली आणि आत्याच्या शेजारी वाळूत बसली. आत्याने लगेच खाटेवर सरकून तिला जागा करून दिली.

"जागा द्याले मले काही नाही," ती नंतर म्हणाली. "फक्त माणूस पाहिजे. फडक्यासाठी मी उठत नसतो."

* * *

संजयला नकाशावर एक लांबचा किनारा सापडला. "गर्दी नाही, एकदम शांत," असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. उन्हातून चालत गेलो, शेवटचा खडक ओलांडला आणि शांत का आहे ते कळलं. तिथल्या एकाही माणसाच्या अंगावर कपडा नव्हता.

संजय म्हणाला, "परत फिरू या." मिलिंदने अनयाच्या डोळ्यांवर हात ठेवला. अनया तो हात ढकलत जर्मनमध्ये सांगू लागली की यात काय एवढं, तिच्या मैत्रिणीच्या घरचे सगळे असेच पोहतात. पल्लवी आकाशाकडे बघत होती. मी कुठे बघत होते ते सांगत नाही.

आत्या पुढे. पांढरी सुती साडी, काठाला निळी पट्टी, हातात डबा. "त्यायले लाज नाही वाटत, तर मले काहून वाटावी?" तिने सगळ्यांच्या मधोमध चटई अंथरली, पोळी आणि शेंगदाण्याची चटणी काढली आणि शेजारच्या आजोबांना एक घास दिला. आजोबांनी उठून, झुकून आभार मानले. ते उठले नसते तर बरं झालं असतं.

जेवण झाल्यावर आत्याने चौफेर पाहिलं. पाटावर बसल्यासारखी ऐसपैस मांडी घालून म्हणाली, "बरी जागा आहे हे. कोण साहेब, कोण चपराशी, कोण कोणाचा, काही म्हणजे काही समजत नाही."

मिलिंदने आयुष्यात एवढी झपाझप पोळी खाल्ली नसेल.

* * *

आता गुहेची गोष्ट. बेटावर आलेला प्रत्येक जण होडीतून निळी गुहा बघायला जातो, तसे आम्हीही गेलो. होडीवाल्याने सगळ्यांना लाइफ जॅकेट दिली. मिलिंदने आत्याला एक घातलं, बक्कल ओढून बघितलं, आणि मग वरून आणखी एक घातलं. आत्याचे हात अंगापासून दूर, विमानाच्या पंखांसारखे. संजय, पल्लवी आणि मी एकमेकांकडे बघायचं टाळत होतो.

अनयाला राहवलं नाही. ती मिलिंदला जर्मनमध्ये म्हणाली, "पप्पा, तिला कशाला दोन? सुमनआजीकडे झेपफेर्डशेन आहे."

मिलिंद हसला. "हो का? आणि माझ्याकडे पायलटचं लायसन्स आहे."

अनयाने खांदे उडवले. खरं बोलणाऱ्याचं आमच्या टोळीत असंच होतं.

गुहेत पाणी खरोखरच निळं होतं, आतून दिवा लावल्यासारखं. होडीवाल्याने इंजिन बंद केलं. दोन-तीन जणांनी उड्या मारल्या. आत्या काठाशी सरकली आणि तिने बोटं पाण्यात सोडली. चेहऱ्यावर असं काही होतं की मी फोटो काढायला फोन उचलला.

"आत्या," मिलिंद मागून म्हणाला, "पाण्याला हात लावायचा नाही."

त्याचा आवाज चढलेला नव्हता. तो घाबरला होता, एवढंच. पण आत्याने हात बाहेर काढला, कोरडा केला आणि मांडीवर ठेवला. होडी धक्क्याला लागल्यावर, मिलिंद दोन्ही जॅकेटांची बक्कलं सोडवत असताना ती म्हणाली, "हे मले बरेच वर्षांत कोणी म्हटलं नव्हतं."

मिलिंदचे हात बक्कलावरच थांबले. त्याला कळलं. मग त्याने मान खाली घातली आणि बक्कल सोडवलं.

संध्याकाळी टॅव्हर्नात, म्हणजे तिथल्या खाणावळीत, पिवळ्या डाळीचा घोटून केलेला पदार्थ आला, वर कांदा. आत्याने एक चमचा खाल्ला आणि म्हणाली, "वरण आहे. फोडणी द्याची राह्यली." त्या जेवणात तिचं तेवढंच बोलणं झालं. मला मात्र राग आला होता. मिलिंदचा नाही, कोणाचा ते सांगता येत नव्हतं. असा राग आमच्या घराघरात असतो, तो पिढ्यांचा असतो आणि त्याचं माप नसतं.

* * *

टेकडीवर एक जुनं पांढरं चर्च आहे, त्याच्या अंगणात विहीर. बेटावर बाकी सगळीकडे पाणी खारट, गोड्या पाण्याची ही एकच. येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी द्यायला काळ्या कपड्यातल्या एक आजीबाई तिथे बसतात. पाहुण्याने ओंजळ करायची, आजीबाई वरून तांब्याच्या भांड्याने पाणी ओततात. तिथली रीत आहे, प्रेमाची आहे, फोटोही छान येतो. अनयाने ओंजळ केली, संजयने केली, मिलिंदने केली. मीसुद्धा केली.

आत्याची पाळी आली. तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले. "वरून ओतलेलं पाणी मी पीत नसतो."

आजीबाईंना वाटलं, परदेशी बाईला कळलं नाही. त्यांनी स्वतःच्या ओंजळीने करून दाखवलं. आत्याने नकाराची मान हलवली, पुढे झाली आणि विहिरीचा दोर हातात घेतला. बादली खाली सोडली. संजय मदतीला गेला तर कोपराने त्याला बाजूला सारलं. बादली वर आली. तिने आजीबाईंचं भांडं भरलं, काठावरचा पत्र्याचा पेला भरला आणि सरळ उभी राहून, मान ताठ ठेवून पाणी प्यायली. मग तोच पेला पुन्हा भरून आजीबाईंपुढे धरला.

आजीबाईंनी तिच्याकडे पाहिलं. पेला घेतला, तोंडाला लावला, रिकामा केला आणि आत्याच्या गालावर हलकीशी चापट मारली. आत्या मोठ्याने हसली.

अनया विचारत होती, सुमनआजीने असं का केलं? आत्या विहिरीच्या काठावर बसली आणि तिने सांगितलं. दर्यापूरकडे खारपाणपट्टा आहे. कुठेही खणा, खारं पाणी लागतं. गावात गोड्या पाण्याची एकच विहीर होती. अनयाची पणजी तिथे घागर घेऊन लांब उभी राहायची. कोणाच्या मनात आलं तर वरून ओतायचे. नाही आलं तर सगळी घरं खारं पाणी प्यायची, वरण शिजायचं नाही, तोंड आंबायचं.

"वारूम?" अनयाने विचारलं. का?

आत्याने मिलिंदकडे पाहिलं. तू सांग, अशा अर्थाने.

"श्पेटर," मिलिंद म्हणाला.

"श्पेटर म्हणजे?"

"नंतर."

"नंतर-नंतर करताच एवढे वर्ष गेले," आत्या म्हणाली, आणि तिने स्वतः अनयाला सांगितलं. सगळं सांगितलं, सात वर्षांच्या पोरीला कळेल अशा शब्दांत. मधूनमधून मी जर्मन जोडत होते. अनया ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "दास इस्ट दुम्म." हा मूर्खपणा आहे. पीएचडीच्या प्रबंधांतही याहून चांगला निष्कर्ष मी वाचलेला नाही.

टेकडी उतरताना मिलिंद आत्याच्या शेजारी आला. "आत्या, मला सगळं पटतं. गुहेत बोललो ते चुकलंच. पण समुद्र म्हणजे विहीर नाही. मला बाबा आठवतात. मलाही पोहता येत नाही, मी उडीसुद्धा मारू शकणार नाही तुझ्यामागे."

आत्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "माहीत आहे मले. म्हणूनच."

"म्हणूनच" म्हणजे काय हे विचारायची त्याची हिंमत झाली नाही.

* * *

शेवटच्या दिवशी सामान बांधून झालं होतं. फेरीला वेळ होता म्हणून किनाऱ्यावर आलो. समुद्र सपाट. जरा आत, पाय टेकत नाहीत तिथे, एक लाकडी तराफा नांगरून ठेवलेला आहे, पोहणारे जाऊन बसतात. त्या वेळी तो रिकामा होता. खाटेवाल्या जर्मन बाई हात हलवत होत्या. आजूबाजूला बऱ्यापैकी माणसं होती.

आत्या पाण्याच्या कडेला उभी राहिली. मिलिंद तिच्यामागे, दोन हातांवर. तिने पदर सोडला, निऱ्या सोडल्या. मिलिंद "आत्या, काय करतेस?" म्हणेपर्यंत साडी उतरली होती आणि खाली तो लांब बाह्यांचा, पायघोळ निळा ड्रेस होता. डाव्या खांद्यावर नारिंगी बिल्ला.

तिने साडीची नीट घडी घातली. "धर," म्हणाली.

मुख्याध्यापिकेने धर म्हटलं की माणूस धरतो. मिलिंदने धरली. आणि मग त्याला तो बिल्ला दिसला.

आत्या चालत आत गेली. गुडघा, कंबर, छाती. मग तिचे पाय सुटले. हालेनबाडमध्ये शिकवतात तसं, हनुवटी वर, दोन्ही हात पुढे, बाजूला, पुन्हा पुढे. हळू. फार हळू. मिलिंद साडी छातीशी धरून पाण्यात शिरला, बुटांसकट. कंबरेपर्यंत गेला, तिथून पुढे त्याला जाता येईना आणि मागेही फिरता येईना. पल्लवीने त्याचं मनगट धरलं. संजय काठावर शर्ट काढून तयार उभा होता. मी पुटपुटत होते, नोख माल, नोख माल, आणि ते मलाच ऐकू येत होतं.

एकदा ती थांबली. तिचं डोकं तिथेच राहिलं, पुढे सरकेना. मिलिंदच्या तोंडून आवाज निघाला, शब्द नव्हता तो. मग तिचे हात पुन्हा पुढे आले, बाजूला, पुन्हा पुढे.

तराफ्याची शिडी तिने स्वतः धरली. वर चढली. बसली. छाती भात्यासारखी हलत होती. किनाऱ्यावर जर्मन बाईंनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, आणखी कोणी कोणी वाजवल्या. आत्याने तिकडे लक्ष दिलं नाही. तिने श्वास सावरला, पाय दुमडून ती तराफ्याच्या कडेला आली आणि खाली वाकली. दोन्ही हातांची ओंजळ केली, पाण्यात बुडवली, आणि वर आणली.

"आत्या," मी ओरडले, "खारं आहे ते, पिऊ नका!"

तिने ओंजळ तोंडाला लावली. सगळी प्यायली, हनुवटीवरून ओघळलेलंही तळव्याने पुसून घेतलं. मग कंबरेएवढ्या पाण्यात साडी छातीशी धरून उभ्या असलेल्या आपल्या भाच्याकडे पाहिलं आणि मागच्या रांगेपर्यंत पोचणाऱ्या त्या आवाजात म्हणाली, "गोड आहे रे, मिलिंद."